बाप्तिस्म्याची वही

पाळक निवृत्त झाला की लोक त्याच्याकडे दोन तऱ्हेचे प्रश्न घेऊन येतात. तुम्ही लावलेल्या लग्नांपैकी टिकली किती, हा एक. आणि बाप्तिस्म्याबद्दलचा दुसरा. पहिल्याचं उत्तर मी देत नाही. दुसऱ्याचं तोंडी देऊन देऊन थकलो, म्हणून आता लिहून काढतो आहे. माझी सेवा चर्च ऑफ नॉर्थ इंडियात झाली. आधी नगर जिल्ह्यातली खेडी, मग पुणे, शेवटी मुंबई. सून वसईची कॅथलिक, भाचा पेंटेकोस्टल, शेजार केरळी ऑर्थोडॉक्सांचा. नाताळच्या करंज्या सगळे एकाच ताटातून खातात, पण बाळाला पाणी कधी द्यायचं हा विषय निघाला की त्याच ताटाभोवती चार मंडळ्या तयार होतात. खालचे मुद्दे नव्या पाळकांसाठी आहेत. पटतील तेवढे घ्यावेत.

१. पाणी किती, हा वाद घालायला येणाऱ्याला आधी खुर्ची द्यावी

कारण तो लवकर उठणार नसतो. त्याच्या पिशवीत पवित्र शास्त्र असतं आणि त्यात यार्देन नदीच्या पानावर खूण घातलेली असते. येशू पाण्यातून वर आला, म्हणजे आत गेला होता. मग तुम्ही कपाळावर चार थेंब टाकता ते कशाच्या आधारावर?

मी त्याला ‘दिदाखे’बद्दल सांगतो. पहिल्या शतकाच्या अखेरीची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची ही छोटीशी पुस्तिका. तिचं हस्तलिखित १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला हाती लागलं आणि दहा वर्षांनी छापलं गेलं. बाप्तिस्मा वाहत्या पाण्यात द्यावा, असं ती सांगते. वाहतं नसेल तर दुसरं चालेल. थंड जमत नसेल तर गरम. आणि दोन्ही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओतावं. म्हणजे प्रेषितांच्या पाठोपाठच्या पिढ्यांमध्येच कुणीतरी पाणीटंचाईचा विचार करून ठेवला होता. नगर जिल्ह्यातल्या माणसाला हे पटकन कळतं. मात्र त्याच पुस्तिकेत आणखी एक गोष्ट आहे, तिकडे वाद घालणारा बघत नाही: बाप्तिस्मा घेणाऱ्यानं आधी एक-दोन दिवस उपास करायचा, देणाऱ्यानंही करायचा, आणि ज्यांना जमेल त्या इतरांनीही. पाण्यात सवलत आहे, तयारीत नाही.

आमच्याकडे ओंजळीनं पाणी घालतात. कॅथलिक चर्चमध्येही बहुधा ओततात, पण त्यांच्या विधीत बुडवण्यालाही पूर्ण मान्यता आहे. ऑर्थोडॉक्स बाळालाच कुंडात घालतात, त्याच दिवशी पवित्र तेलानं त्याचा अभिषेक करतात आणि त्याच दिवशी त्याला प्रभुभोजनही देतात. आमची मुलं ज्या भोजनासाठी पंधरा-सोळा वर्षं थांबतात, ते शेजारच्या मल्याळी बाळाला दात यायच्या आधी मिळतं. बॅप्टिस्ट, अॅडव्हेंटिस्ट, पेंटेकोस्टल हे समजत्या वयाच्या माणसाला पूर्ण बुडवतात.

बुडवण्यात अर्थाचं चित्र जास्त ठसठशीत उमटतं, हे मी ओंजळवाला असूनही मान्य करतो. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल बाप्तिस्म्याला ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं म्हणतो, त्याच्याबरोबर उठणं म्हणतो. माणूस पाण्याखाली दिसेनासा होतो आणि धापा टाकत वर येतो, तेव्हा त्याचं वेगळं विवेचन करावं लागत नाही. ओतण्यात दुसरं चित्र आहे, वरून ओतल्या जाणाऱ्या आत्म्याचं. दोन्ही चित्रं शास्त्रातलीच आहेत.

२. खरा वाद वयाचा आहे, आणि तो शिवी देऊन मिटत नाही

बाळाला बाप्तिस्मा देणारा म्हणतो, देव आधी बोलतो, माणूस नंतर ओ देतो. समजत्या वयात देणारा म्हणतो, माणसानं स्वतः ओ दिल्याशिवाय कराराला अर्थ नाही. पहिला प्रेषितांच्या कृत्यांमधला फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी दाखवतो, ज्यानं घरच्या सर्वांसह बाप्तिस्मा घेतला. दुसरा विचारतो, त्या घरात तान्हं बाळ होतं हे कुठे लिहिलंय? लिहिलेलं नाही. नव्हतं असंही लिहिलेलं नाही.

या प्रश्नावर युरोपात माणसं मेली आहेत. झुरिकमध्ये जानेवारी १५२५ मध्ये काही तरुणांनी बाळपणीचा बाप्तिस्मा बाजूला ठेवून एकमेकांना नव्यानं बाप्तिस्मा दिला. त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला जानेवारी १५२७ मध्ये लिम्माट नदीत बुडवून मारण्यात आलं. पाण्याच्या गुन्ह्याला पाण्याचीच शिक्षा, असा क्रूर विनोद त्यामागे होता, आणि तो करणारे सुधारणावादी प्रोटेस्टंट होते.

आपल्याकडची गोष्ट सौम्य आहे, पण मला ती जास्त शिकवून गेली. फेब्रुवारी १८१२ मध्ये अमेरिकन बोर्डाचे पहिले मिशनरी दोन जहाजांतून हिंदुस्थानकडे निघाले. सगळे काँग्रिगेशनल, म्हणजे बाळांना बाप्तिस्मा देणारे. अॅडोनिराम जडसन एका जहाजात होता. बंगालमधल्या श्रीरामपुरात विल्यम केरीसारख्या बॅप्टिस्टांशी गाठ पडणार, तेव्हा आपली बाजू पक्की असावी, म्हणून तो वाटेत अभ्यासाला बसला आणि अभ्यास करता करता स्वतःच बॅप्टिस्ट झाला. सप्टेंबरमध्ये कलकत्त्यात त्यानं पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेतला. दुसऱ्या जहाजातल्या ल्यूथर राइसनंही पुढे तेच केलं. पण त्याच जहाजातल्या गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट यांचं मत हललं नाही. ते फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला पोहोचले, अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं, १८३१ मध्ये त्याचं ठाणं नगरला पडलं, आणि यथावकाश माझ्या आजोबांच्या आजोबांपर्यंत सुवार्ता आली. जडसन मुंबईला आला असता आणि हॉल ब्रह्मदेशात गेला असता, तर नगर जिल्ह्यातले आम्ही सगळे आज कदाचित बॅप्टिस्ट असतो आणि याच ठिकाणी मी उलट बाजूनं तावातावानं लिहीत असतो.

म्हणून आपल्या परंपरेचं समर्थन जरूर करावं, पण ती आपल्याला गादीवर बसल्या बसल्या मिळाली आहे, हे विसरू नये.

३. दोन्ही पद्धती एका छपराखाली नांदू शकतात, आम्ही नांदवल्या

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट, अशा सहा मंडळ्या त्यात आल्या. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट ऐन वेळी बाहेर राहिले. वाटाघाटी अनेक वर्षं चालल्या होत्या, आणि त्यातल्या अवघड गाठींपैकी एक बाप्तिस्म्याची. शेवटी ठरलं ते धाडसाचं होतं: बाळाचा बाप्तिस्मा आणि विश्वास कबूल केल्यानंतरचा बाप्तिस्मा, दोन्ही सारख्याच मान्यतेच्या पद्धती. आईबापांनी निवड करावी. बाळाला बाप्तिस्मा दिला तर पुढे समजत्या वयात दृढीकरण. नाही दिला तर बाळाचं समर्पण, आणि पुढे ते स्वतः विश्वास कबूल करील तेव्हा बाप्तिस्मा. कुठल्याही वाटेनं आलात तरी प्रभुभोजनाचं मेज एकच.

कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात निवड आईबाप करत नाहीत, आजी करते. आणि बाळाचं समर्पण करून घेणाऱ्या जोडप्याला मागच्या बाकावरून कुणीतरी ‘अर्धाच कार्यक्रम केला’ म्हणतंच. पण मंडळी फुटत नाही, हे मी दोन्ही प्रकारच्या कुटुंबांबरोबर राहून पाहिलं आहे. पंधरा वर्षांनी वर्गाला बसवलं की दोन्हीकडची पोरं सारखीच खाली मान घालून मोबाइल बघत असतात.

४. दुसऱ्यांदा देऊ नये

पुण्यात इंजिनिअरिंगला गेलेला मुलगा सुट्टीत घरी येतो. तिकडे एका फेलोशिपमध्ये जायला लागलेला असतो. चेहऱ्यावर तेज असतं, ते खोटं नसतं. म्हणतो, पाळकसाहेब, मला खरा बाप्तिस्मा घ्यायचाय.

हा प्रसंग प्रत्येक पाळकाच्या वाट्याला येतो आणि त्यात तीन माणसांचं दुखतं. मुलाचं, कारण त्याला वाटतं आपल्या विश्वासाला हे लोक भाव देत नाहीत. पाळकाचं, कारण त्यानं किंवा त्याच्या आधीच्या पाळकानं केलेला संस्कार हा पोरगा खोटा ठरवतो आहे. आणि आजीचं. एका आजीनं माझ्यादेखत नातवाला विचारलं, ‘मग तू माझ्या मांडीवर होतास तेव्हा जे झालं, ते काय होतं रे?’ माझ्याकडे ईश्वरविज्ञानाची पदवी आहे, पण याहून नेमका प्रश्न मला सुचला नसता.

जागतिक मंडळ्यांच्या परिषदेच्या पुढाकारानं १९८२ मध्ये पेरूची राजधानी लिमा इथं एक मसुदा मान्य झाला. बाप्तिस्मा, प्रभुभोजन आणि सेवाधिकार या तीन विषयांवरचा. त्यात बाप्तिस्मा पुन्हा करण्याजोगी गोष्ट नव्हे असं स्वच्छ म्हटलं आहे, आणि पुनर्बाप्तिस्मा वाटेल असं काहीही टाळावं असंही. बॅप्टिस्ट आणि पेंटेकोस्टल बंधूंना हे मान्य होत नाही, कारण त्यांच्या लेखी बाळपणीचं पाणी हा बाप्तिस्माच नव्हता. म्हणून ते जे करतात ते त्यांच्या दृष्टीनं पहिलंच असतं. त्यांचं तर्कशास्त्र चुकीचं नाही. फक्त मी त्याचा पुजारी होणार नाही.

अशा मुलासाठी मी बाप्तिस्म्याच्या वचनांचं नूतनीकरण ठेवतो. सगळ्या मंडळीसमोर उभं राहून त्यानं बाळपणी इतरांनी त्याच्या वतीनं दिलेली वचनं स्वतःच्या तोंडानं म्हणायची. कॅथलिक लोक हे पुनरुत्थानाच्या आदल्या रात्री सगळे मिळून करतात, हातात मेणबत्त्या धरून, आणि धर्मगुरू त्यांच्यावर पाणी शिंपडतात. आपण त्यांच्याकडून ही चांगली गोष्ट उचलायला हरकत नाही. तो मुलगा ऐकून घेऊन निघून गेला आणि दुसरीकडे बुडून आला, तर? तर रजिस्टरमधून त्याचं नाव खोडू नये. पुढच्या रविवारी त्याला शास्त्रपाठ वाचायला द्यावा.

५. शब्द पाठ असले तरी पुस्तकात बघूनच म्हणावेत

ऑगस्ट २०२० मध्ये व्हॅटिकननं निर्णय दिला की ‘मी तुझा बाप्तिस्मा करतो’ऐवजी ‘आम्ही’ म्हटलं असेल तर तो बाप्तिस्मा झालाच नाही. लगेच अमेरिकेतल्या एका तरुण धर्मगुरूनं स्वतःच्या बाळपणीची व्हिडिओ फीत लावून पाहिली, तर त्याच्या वेळच्या डीकननं नेमकं ‘आम्ही’ म्हटलेलं. म्हणजे बाप्तिस्मा नाही. म्हणून दृढीकरण नाही. म्हणून गुरुदीक्षाही नाही. त्याला सगळं पहिल्यापासून घ्यावं लागलं, आणि त्यानं अर्पण केलेल्या मिस्सांचं आणि ऐकलेल्या पापनिवेदनांचं काय, हा घोळ वेगळाच.

आमच्यातल्या काहींना याचं हसू आलं. मला आलं नाही. त्यांच्या शिकवणुकीप्रमाणे त्या क्षणी बोलणारा खरा ख्रिस्त असतो, धर्मगुरूचं तोंड फक्त उसनं घेतलेलं. तिथे समाजानं ‘आम्ही’ म्हणून पुढे घुसायचं नाही. ऑर्थोडॉक्स तर ‘मी’सुद्धा गाळतात. देवाच्या या सेवकाचा बाप्तिस्मा होत आहे, एवढंच म्हणतात. कोण करतं ते सांगायची त्यांना गरज वाटत नाही, आणि ही पद्धत मनातून मला सगळ्यात जास्त आवडते.

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही नावं आणि पाणी, एवढं धड असेल तर बहुतेक जुन्या मंडळ्या एकमेकींचा बाप्तिस्मा मानतात. माझ्या मुलाच्या लग्नाच्या वेळी वसईच्या फादरांनी त्याचा आमच्याकडचा बाप्तिस्म्याचा दाखला मागितला, वाचला आणि फाइलला लावला. पुन्हा पाणी घ्या म्हणाले नाहीत. मॉर्मनांचा बाप्तिस्मा मात्र कॅथलिक चर्चनं २००१ मध्ये अमान्य ठरवला. शब्द जवळपास तेच असले तरी त्यामागची त्रैक्याची कल्पना वेगळी आहे म्हणून. पेंटेकोस्टलांमध्येही एक शाखा फक्त येशूच्या नावानं बाप्तिस्मा देते, प्रेषितांची कृत्ये २:३८ चा आधार घेऊन. तिकडून कुणी सभासद व्हायला आला, तर पाळकानं एकट्यानं निर्णय घेऊ नये; बिशपांना पत्र लिहावं.

६. धर्ममाता जवळ राहणारी बघावी

माझ्या मुलीला भाच्याची धर्ममाता व्हायचं होतं. वसईच्या फादरांनी समजावून सांगितलं: धर्मपिता किंवा धर्ममाता कॅथलिकच हवी, दृढीकरण झालेली, साधारणपणे सोळा वर्षं पूर्ण केलेली, आणि बाळाचे आईबाप सोडून दुसरी. इतर मंडळीतली बाप्तिस्मा झालेली व्यक्ती तिच्या सोबतीनं साक्षीदार म्हणून उभी राहू शकते. मुलगी रुसली. मला फादरांचं म्हणणं योग्य वाटलं, कारण जी ज्या श्रद्धेत वाढवण्याचं वचन देणार, ती त्या श्रद्धेत राहणारी नको का?

शेवटी जी कॅथलिक धर्ममाता ठरली, ती आज दुबईला असते. बाप्तिस्म्याची तारीख तिच्या लक्षात नसते. दरवर्षी त्या तारखेला फोन करून ‘मेणबत्ती लावली का रे?’ असं विचारते ती साक्षीदार राहिलेली माझी मुलगीच.

गोव्यात एके काळी धर्मपित्याचं नातं इतकं जड होतं की नव्यानं ख्रिस्ती होणाऱ्याला त्याचं पोर्तुगीज आडनावच मिळे. आपल्याकडे आडनावं बदलली नाहीत, गायकवाड गायकवाडच राहिले. त्यामुळे नात्याचं ओझंही हलकं झालं की काय, असं कधीकधी वाटतं.

७. दवाखान्यातला फोन आला तर आधी वाद नको

नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून रात्री फोन आला. मी पोहोचेपर्यंत बाळ गेलं होतं. ड्यूटीवरच्या केरळच्या कॅथलिक सिस्टरनं आईला विचारून त्याच्या कपाळावर पाणी घातलं होतं आणि तीन नावं घेतली होती. आई मला एकच विचारत होती, ‘ते चालतं ना?’

चालतं. कॅथलिक कायद्यात निकडीच्या वेळी कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, ख्रिस्ती नसलेली व्यक्तीसुद्धा, फक्त चर्चला जे अभिप्रेत आहे तेच करायचा हेतू हवा. आमच्या परंपरेत बाप्तिस्म्यावाचून गेलेलं बाळ देवाच्या हातातून सुटलं असं कुणी शिकवत नाही, त्यामुळे ती घाईही नसते. कॅथलिकांमध्येही लिंबोची जुनी कल्पना, म्हणजे अशी बाळं स्वर्गाबाहेर पण यातनांविना राहतात ही, मागे पडत गेली आहे. व्हॅटिकनच्या ईश्वरविज्ञान आयोगानं २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दस्तऐवजात अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला सबळ कारण आहे असं म्हटलं. पण हे सगळं त्या आईला सांगायचं नसतं. मी वहीत नोंद केली, बाप्तिस्मा देणाऱ्याच्या रकान्यात सिस्टरचं नाव घातलं, आणि सकाळी दफनाच्या वेळी बाळाला नावानं हाक मारून प्रार्थना केली. आमच्या कमिटीतल्या एका सभासदानं नंतर विचारलं, पाळकाशिवाय झालेली नोंद आपल्या रजिस्टरला कशी? त्याला मी रजिस्टर वाचायला दिलं. मिशनच्या काळात प्लेगच्या साथीत अशा नोंदी झालेल्या त्याला दिसल्या.

८. वही शाईनं लिहावी, आणि जन्मतारीख आईला विचारून

शाळेच्या दाखल्यावर आमच्या जिल्ह्यातली निम्मी पिढी १ जूनला जन्मली. गुरुजींनी पहिलीत नाव घालताना टाकलेली तारीख. खरी तारीख असली तर बाप्तिस्म्याच्या वहीत असते, कारण पाळकानं ती बाळ मांडीवर असताना, आईसमोर लिहिलेली असते. पेन्शन, पासपोर्ट, परदेशातल्या नातवंडांचे व्हिसा, वडिलांच्या नावावरची जमीन, अशा कामांसाठी लोक जुन्या वह्यांकडे येतात आणि वाळवी लागलेल्या पानावर आजोबांचं नाव, त्यांच्या बापाचा धंदा, गाव आणि जुनी वस्ती बघून क्षणभर कामच विसरतात.

कॅथलिक चर्चची पद्धत आमच्याहून चांगली आहे, हे मान्य करून टाकावं. त्यांच्याकडे बाप्तिस्म्याच्या नोंदीच्या समासातच पुढचं दृढीकरण, लग्न, दीक्षा यांची नोंद करतात. माणूस कुठेही गेला तरी त्याची बातमी त्या मूळ पानापर्यंत परत यायची. आमच्याकडे बदली झालेला पाळक कपाटाची किल्ली देतो, तेवढंच.

९. पाणी घ्यायला उशीर लावणाऱ्याला भित्रा म्हणू नये

मराठी समाजात येशूवर प्रेम केलेलं खपतं. रेघ पाण्याशी ओढली जाते. १८४३ मध्ये नारायण शेषाद्रींनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, त्यांना परतीची वाट उरली नाही. धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी राहिला, जेवला, पण त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. कोर्टानं त्याला वडिलांच्या हवाली केलं, आणि बाळशास्त्री जांभेकरांनी सनातन्यांचा रोष पत्करून प्रायश्चित्तानं त्याला जातीत परत घेण्याची बाजू लढवली. रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा संसार एका दिवसात दुभंगला. त्या नवऱ्याकडे परतल्या आणि पाचएक वर्षांनी स्वतःच्या निर्णयानं त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कुणी नवऱ्याच्या मागे ओढत नेलं म्हणून नव्हे. लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या प्रत्येक पाळकानं तो मधला काळ सावकाश वाचावा.

पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला मुलीसह बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतरही अँग्लिकन गुरुजनांशी त्या सिद्धांतांवर भांडत राहिल्या. पाणी घेतलं म्हणजे प्रश्न विचारायचं सोडलं, असं त्यांनी मानलं नाही. टिळक तर आयुष्याच्या अखेरीला, १९१७ मध्ये, मिशन सोडून ‘देवाचा दरबार’ मांडून बसले. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही तऱ्हेचे ख्रिस्तभक्त चालणार होते. १९१९ मध्ये ते गेले आणि दरबार विरला. मला तो प्रयोग अपुरा वाटतो, कारण मंडळीशिवाय भक्ती फार दिवस तग धरत नाही. पण प्रयोग करणारा माणूस भित्रा नव्हता.

आज रेघ कायद्याची आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. ख्रिस्त्यांना नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुदुच्चेरीतल्या एका महिलेचा अनुसूचित जातीच्या दाखल्याचा दावा फेटाळला. तिच्या बाळपणीच्या बाप्तिस्म्याची नोंद विरुद्ध पुरावा म्हणून पुढे आली होती. बघा, वहीतली एक ओळ माणसाला काय देऊ शकते आणि त्याच्याकडून काय काढून घेऊ शकते. ज्याच्या मुलीचं शिक्षण सवलतीवर चाललं आहे असा बाप दर रविवारी मागच्या दाराशी बसतो आणि पाणी घेत नाही. त्याला व्यासपीठावरून टोमणे मारणारे पाळक मी पाहिले आहेत. अशा माणसानं खोटं सांगावं असंही मी म्हणणार नाही. दोन्हीकडून खायचं आणि सहीच्या वेळी नाव बदलायचं, हे मला मान्य नाही. पण तो जोवर विचार करतो आहे, तोवर त्याला विचार करू द्यावा. प्रभुभोजनाच्या वेळी त्याच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देता येतो. तो द्यावा.

१०. मुक्तिफौजेच्या शेजाऱ्याला ‘तुमचा बाप्तिस्मा नाही’ म्हणू नये

मुक्तिफौज (सॅल्व्हेशन आर्मी) १८८२ मध्ये मुंबईत आली आणि दुसऱ्याच वर्षी तिनं बाप्तिस्मा, प्रभुभोजन हे दोन्ही विधी बाजूला ठेवले. विधींच्या वादात शिरायचं नाही, आयुष्यच साक्ष देईल, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्यात बाळाचं समर्पण होतं, मोठा माणूस झेंड्याखाली शपथ घेऊन शिपाई होतो. क्वेकरही पाणी वापरत नाहीत. मला हे पटत नाही. शरीराला हात न लावणारा संस्कार मला अधुरा वाटतो. पण नगरच्या त्यांच्या दवाखान्यात आमच्या कित्येक सभासदांची बाळंतपणं झाली, तेव्हा बोलताना जीभ जपून.

११. बाकीचं सगळं जुगाडाचं आहे, पण तेच आधी बघावं

बाळासाठी पाणी कोमट असावं, आणि ते कोमट आहे का ते पाळकानं स्वतःच्या कोपरानं बघावं, चर्चची देखभाल करणाऱ्या सेक्स्टनवर सोडू नये. बाळाचं नाव चिठ्ठीवर लिहून घ्यावं. आजकालची नावं ऐकून लिहिता येत नाहीत. बाळ रडलं तर थांबू नये. उमेदवार मोठा असेल आणि मुळा किंवा प्रवरा नदीत बाप्तिस्मा ठरला असेल, तर पाटबंधारेच्या कचेरीत आवर्तन कधी सुटणार ते विचारून घ्यावं. सकाळी गुडघाभर असलेलं पाणी दुपारी छातीला लागतं. विहीर नको. पाझर तलावातला गाळ आदल्या दिवशी स्वतः उतरून बघावा. मंडळीतला एक पोहणारा गडी कपड्यांसह तयार ठेवावा. पांढरी वस्त्रं भिजल्यावर अंगाला चिकटतात, म्हणून बायकांसाठी जाड कापड आणि काठावर आडोसा करायला चार चादरी हव्यात, आणि त्या धरायला बायकाच हव्यात. दम्याचा आजार असलेल्याला थंडीत बुडवू नये. मार्चपर्यंत थांबलं तर काही बिघडत नाही. आणि फोटोग्राफर चांगला कोन मिळावा म्हणून पाण्यात उतरू बघतो, त्याला काठावरच ठेवावं.